साळुंकीने दिलेले नाव

घाटाच्या पायथ्याशी, जिथे गावाची शेते संपून जंगल सुरू होते, तिथे दगडी भिंतींचे एक छोटे चर्च होते. त्याच्या मागे पाणवठा, आणि पाणवठ्यावर वाकलेल्या उंबरात एक साळुंकी राहत असे. बोलायला लागली की थांबायचे नाव नाही! पण स्वभावाने वाईट नव्हती हो. कुणाला काटा लागला, कुणाचे पिल्लू हरवले, तर सगळ्यांत आधी धावून जाई तीच. एवढेच, की जाताना वाटेत चार जणांना सांगून जाई.

त्या जंगलात एक छान रीत होती. संध्याकाळी चर्चची घंटा वाजली की सारे प्राणी पाणवठ्यावर जमत. ज्याला प्रार्थनेची गरज असेल त्याचे नाव कुणीतरी देई, मग सगळे डोळे मिटून त्याच्यासाठी प्रार्थना करत. एक म्हातारा वानर मात्र कधीच डोळे मिटत नसे. तो अर्जुनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसून राही. सगळ्यांनी डोळे मिटल्यावर बिबट्या आला तर? म्हणून एकाने डोळे उघडे ठेवायचे, हीच त्याची प्रार्थना. तो "खॅक् खॅक्" ओरडला की कुणी कारण विचारत बसत नसे. सगळे चर्चच्या भिंतीकडे पळत आणि वाचत. वर्षानुवर्षे असेच चालले होते.

नावे द्यायला साळुंकीला फार आवडे. दुसऱ्यांना आठवून आठवून एखादे नाव सुचे, हिच्यापाशी रोज तीन-चार तयार असत. आणि नाव दिले की त्यामागची गोष्टही सांगावी लागते, नाही का? निदान साळुंकीला तरी तसे वाटे.

एके दिवशी सकाळी ती किडे टिपायला निघाली, तर वानर बिबट्याच्या घळीतून परत येताना दिसला. एकटाच, हळूहळू, आवाज न करता. "वानरदादा, एवढ्या सकाळी तिकडे कुठे?" असे साळुंकीने विचारले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तिने विचारले नाही. ती संध्याकाळची वाट बघत बसली.

घंटा वाजली. साळुंकी गंभीर चेहऱ्याने पुढे आली.

"मला कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही बरं का," ती म्हणाली, "पण आज मी वानरदादांचं नाव देते. का, ते विचारू नका. सकाळी ते घळीतून येताना दिसले. देवबापा त्यांना सांभाळो."

त्या दिवशी प्रार्थनेत कुणाचेच डोळे नीट मिटले नाहीत. प्रार्थना संपताच ससा टुणकन जवळ आला. "घळीतून म्हणजे? बिबट्याच्या?"

"मी कुठं काय म्हटलं? तुम्ही फक्त प्रार्थना करा."

सशाने मोराला सांगितले, मोराने रानडुकराला. जो तो शेवटी "प्रार्थनेत आठवण ठेवा हं" असे म्हणायला विसरत नव्हता. दोन दिवसांत गोष्टीला पाय फुटले. कोण कधी पाण्यावर येते, ते वानर बिबट्याला जाऊन सांगतो! म्हणूनच तर तो प्रार्थनेत डोळे मिटत नाही! साळुंकीने हे ऐकले आणि ती दचकली. एवढे काही ती बोलली नव्हती. "अहो, मी तसं म्हटलंच नाही," असे सांगायला चोच उघडलीही होती. पण सगळे तिच्याच भोवती गोळा होत होते, तिलाच विचारत होते, आणि खरे सांगायचे तर तिला ते बरे वाटत होते. तिने चोच मिटून घेतली. मुलांनो, तोवरच्या आयुष्यात एकदाच ती गप्प बसली, आणि तीही नको तिथे.

साळुंकीची जिवाभावाची मैत्रीण म्हणजे एक हरिणी. तिच्या पाठीवर बसून साळुंकी गोचिडी टिपे आणि जगभरच्या गप्पा मारी. हरिणीला नुकतेच पाडस झाले होते, त्यामुळे ती काळजीत होती.

"खरं सांग गं," हरिणीने विचारले, "तू स्वतः पाहिलंस? माझं पोर लहान आहे. त्यांच्या ओरडण्यावर विश्वास ठेवायचा की नाही?"

"घळीतून येताना पाहिलं, एवढं खरं," साळुंकी म्हणाली. "पुढचं तुझं तू समज."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घंटा वाजायच्या आधीच हरिणी पाण्यावर आली. पाठीवर साळुंकी, पायांशी पाडस. तिने पाण्याला तोंड लावले, तोच अर्जुनावरून आवाज आला, "खॅक् खॅक्! खॅक् खॅक्!"

पाडसाला गावगप्पा कुठून ठाऊक? ते सवयीने भिंतीकडे पळाले. हरिणीने मान वर केली. पळावे? की भिंतीकडेच बिबट्या दबा धरून बसला असेल, आणि वानर आपल्याला मुद्दाम तिकडे हाकत असेल? एक घोट पाणी गिळायला लागतो तेवढाच वेळ ती थांबली. करवंदीच्या जाळीतून बिबट्याने झेप घेतली. साळुंकीच्या पायांखालची ती उबदार पाठ एकाएकी निघून गेली. ती हवेत फडफडत राहिली, आणि आपण काय केले ते तिला तिथेच कळले.

बिबट्या हरिणीला ओढत घेऊन गेल्यावर वानर झाडावरून खाली उतरला. साळुंकी त्याच्यापुढे मातीत बसली आणि तिने सगळे सांगितले. एक शब्द लपवला नाही.

"मी रोजच जातो घळीकडे," वानर म्हणाला. "बिबट्या कोणत्या बाजूला झोपलाय ते झाडावरून बघून येतो. म्हणजे संध्याकाळी कुठे लक्ष ठेवायचं ते कळतं. तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं, बाई."

"मला क्षमा कराल का, दादा?"

"आपल्याला देवबापाने किती वेळा केली! मीही करतो," वानर म्हणाला. "पण माझा आवाज ऐकून ती थांबली गं. इतकी वर्षं ओरडतोय, कधी कुणी थांबलं नव्हतं."

साळुंकी प्रत्येकाच्या दारी गेली. "मी चुकले, वानरदादा निर्दोष आहेत," असे तिने सशाला सांगितले, मोराला सांगितले, रानडुकराला सांगितले. काहींनी माना खाली घातल्या. ससा मात्र म्हणाला, "असेल बाई. पण काहीतरी असल्याशिवाय का लोक बोलतात?" ते बोलणारे लोक म्हणजे साळुंकी स्वतःच होती.

वानर पुन्हा अर्जुनावर जाऊन बसू लागला. तो ओरडला की प्राणी आता पळतात, पण पळायच्या आधी एकदा वर बघून घेतात. पाडस एकटेच पाण्यावर येते. साळुंकी त्याच्या पाठीवर उतरते, मुकाट्याने गोचिडी टिपते. एकदा त्याने विचारले, "तू माझ्या आईशी काय बोलायचीस गं?" तेव्हा ती रडली.

आजही घंटा वाजली की नावे दिली जातात. साळुंकीची पाळी आली की ती एकच नाव देते. स्वतःचे.

तात्पर्य : ज्याच्याविषयी शंका आली, त्यालाच आधी प्रेमाने विचारावे, चारचौघांत केलेली निंदा प्रार्थनेच्या नावाने केली तरी निंदाच राहते. पश्चात्ताप करणाऱ्याला देव क्षमा करतो, पण आपल्या शब्दांनी जे गेले ते परत येत नाही.