निघून गेलेल्याचा बांध

खाडीच्या काठी एक गाव होतं. गाव आणि खारं पाणी यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध होता, आणि बांधाच्या आड सगळ्यांची भातशेती. नियम असा, की ज्याच्या शेतासमोर जेवढा बांध, तेवढा त्यानेच राखायचा. दुसऱ्याच्या बांधाला हात लावणं आगाऊपणाचं समजत.

पुढे दिवस फिरले. उन्हाळे तापू लागले, समुद्र चढू लागला, उधाणाचं पाणी दरवर्षी जरा वर येऊ लागलं. एका घरचा बांध फुटला, शेत खारावलं आणि ते घर शहराकडे निघून गेलं. गाव हळहळलं, पण त्या बांधाला कुणी माती लावली नाही. नियम तो नियम. पुढच्या उधाणात त्याच भगदाडातून पाणी शिरून शेजारचं शेत बुडालं. तेही घर गेलं. उरलेले शहाणे आपापला बांध उंच करत बसले, आणि पाणी बाजूने येत राहिलं.

असं करता करता पाळी एका तरुण जोडप्यावर आली. नवऱ्याने बैल जुंपले, भांडीकुंडी गाडीत चढवली. बायको काही बसेना.

"तिकडे जाऊन करणार काय?" तिने विचारलं.

"सगळे करतात तेच. विटा वाहायच्या."

"वाहायचंच आहे, तर इथली माती वाहू."

तिने घमेलं उचललं आणि ती सगळ्यात आधी निघून गेलेल्या शेजाऱ्याच्या बांधातल्या भगदाडापाशी गेली. लोक हसले. एक म्हातारा म्हणाला, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस दिसते."

"मामा, बांध त्यांचा असेल, पण पाणी माझ्या चुलीत शिरतंय," ती म्हणाली.

नवऱ्याने बैल सोडले आणि फावडं घेतलं.

दोघं राबताना बघून म्हातारा जवळ आला. बांध नेमका तिथेच फुटला होता, जिथली लाटा अडवणारी तिवरांची झाडं गावाने जळणासाठी तोडली होती. "ही तर आपलीच करणी," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी तिवरांची रोपं घेऊन आला. मग बाकीचेही ओशाळून आले. कुणी खाऱ्या मातीत तगणाऱ्या तांबड्या भाताचं जुनं बी शोधून काढलं.

मोठं उधाण आलं. थोडं पाणी बांधावरून सांडलं, पण बांध हलला नाही. तांबडं भात तगलं. त्या वर्षी कुणीच गाव सोडलं नाही.

ही बातमी शहरात पोचली आणि पहिला गेलेला शेजारी बायकोमुलांसह परतला. आपला धडधाकट बांध बघून त्याला रडू आलं.

"हा कुणी राखला?"

"तुम्ही नव्हता, म्हणून आम्ही राखला," ती म्हणाली.

त्याने बोचकं खाली ठेवलं. घराकडे न जाता त्याने विचारलं, "माझ्यामागून गेलेलं ते घर अजून आलं नाही ना? त्यांच्या बांधाला माती कुठली आणायची?"

तात्पर्य: आपल्यापुरता बांध उंच करून गाव वाचत नाही, गेलेल्याचा बांध राखणाऱ्यावर गाव सोडायची वेळ येत नाही.