डोमकावळ्याची वकिली

फार वर्षांपूर्वी, धुक्याने वेढलेल्या एका बेटावर सिंह राज्य करत असताना, त्याच्या दरबारात एक डोमकावळा वकिली करायचा. बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्याचा डोळा होता राजाशेजारच्या फांदीवर. म्हाताऱ्या सांबरानेच त्याला दरबारात आणलं होतं आणि वेळोवेळी त्याच्यासाठी शब्द टाकला होता.

पुढे सिंहाचं सांबराशी बिनसलं. तो डोमकावळ्याला म्हणाला, "हा फितूर आहे हे भर दरबारात सिद्ध कर. ती फांदी तुझी."

डोमकावळा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र तो असा काही बोलला, की सांबराच्या मित्रांनाही सांबर फितूर वाटू लागला. संध्याकाळच्या आत सांबराला मारून टाकण्यात आलं.

फांदी मिळाली. पण काही वर्षांनी राजाची मर्जी फिरली, आणि डोमकावळ्यावर लाच खाल्ल्याचा आरोप आला. आरोप खरा होता. पंख छाटून त्याला हाकलून देण्यात आलं.

ओढ्याकाठी खुरडत चालताना त्याला सांबराची बायको भेटली.

"वकीलसाहेब, एक विचारू? त्या दिवशी बोललात, ते तुम्हाला खरं वाटत होतं का?"

त्याच्या तोंडाशी पुष्कळ उत्तरं आली. त्याने ती गिळली.

"नाही, वहिनी."

"खरं वाटत होतं म्हणाला असतात, तर तुम्हाला माफ करायचं ठरवून आले होते," ती म्हणाली, आणि पाणी न पिताच निघून गेली.