पुतण्याला आलेला शब्द

माणूस आधी ठरवून मग मुलाखत घेतात, तशीच ही मुलाखत होती. जागा कॉलेजच्या ग्रंथालयातल्या कारकुनाची. तिथंच अठरा वर्षं पुस्तकं पुसणाऱ्या अनुसयाबाईंनीही अर्ज केला होता.

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब हसून म्हणाले, "'इम्बाइब' या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. आमच्या पुतण्यानं आत्ताच बिनचूक सांगितलं."

"इम्बाइब म्हणजे आत्मसात करणं," बाई म्हणाल्या. "वाक्य असं: साहेबांच्या पुतण्यानं हा शब्द काल दुपारी माझ्याकडून आत्मसात केला. तुम्ही त्यांना प्रश्न आधीच दिलात साहेब, उत्तर द्यायला विसरलात."

जागा अर्थात पुतण्यालाच मिळाली.

हल्ली तो रोज एखादा शब्द अडला की बाईंकडे येतो. बाई हातातलं फडकं न थांबवता म्हणतात, "काकांना विचारा, साहेब."