गव्याच्या रक्तातले पहारेकरी

जनावरं एकमेकांची दुखणी तपासत, त्या काळातली ही हकिगत. रंगोजी नावाचा गवा तापाने फणफणला होता. तळ्यातली वैद्य जळू, तुळसामावशी, हिने त्याचं थेंबभर रक्त चाखलं आणि ती म्हणाली, "रंगोजी, तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुपटीने वाढल्यात."

रंगोजी दचकला. "माझ्या अंगात, आणि मला पत्ता नाही?"

शेजारी बसलेला कोल्हा पुटपुटला, "एवढी गर्दी उगाच जमत नाही, दादा. तापही त्यांनीच आणला असणार. ही मुळी खा, एकही पांढरी पेशी उरणार नाही."

"अरे, त्या तुझ्याच पहारेकरी आहेत," मावशी म्हणाली. "आत कुणीतरी घुसलंय, म्हणून त्या वाढल्यात. कुठे घुसलंय, ते मात्र नुसत्या रक्तावरून कळत नाही. शोधावं लागेल."

रंगोजीने डोळे बारीक केले. "त्यांची बाजू घेतेस? तूच तर त्या सोडल्या नाहीस ना?"

त्याने मुळी तोंडात धरली आणि तो मागे सरला. मागचा एक पाय टेकताच तो कळवळला.

"तो मागचा पाय दाखव," मावशी म्हणाली.

खुराच्या बेचक्यात बाभळीचा काटा रुतून कुजला होता. मावशीने तो ओढला, तसा घट्ट, पांढरट पू वाहू लागला.

"हे काय गं?"

"बरेचसे तुझे पहारेकरीच. लढता लढता मेलेले."

रंगोजीने मुळी थुंकली. कोल्हा केव्हाच निघून गेला होता. पायाकडे पाहत रंगोजीने हळूच विचारलं, "मावशी, किती गेले असतील गं?"