तीन उपरण्यांची गाठ

सोनवडी शहरात पटकी शिरली, आठ दिवसांत चाळीस माणसं गेली, आणि राजे निंबाजीराव हट्टाला पेटले. "रोग आत आला कुठून? मला जागा पाहिजे!"

कोतवालानं लगेच बोट दाखवलं. "परीट आळी, महाराज! सगळी घाण धुणी तिथंच जातात."

राही परटिणीला दरबारात उभं केलं.

"सूर्य मावळायच्या आत ती जागा दाखव," राजे गरजले. "नाहीतर तुमची सगळी आळी वेशीबाहेर!"

"दाखवते की! पण महाराज, आठ दिवस तुमची ही मोठी माणसं काय करत होती?"

राजवैद्य फणकारला, "माझी औषधाची गाडी चार दिवस वेशीबाहेर उभी आहे. कोतवाल आत सोडत नाही!"

"वेस बंद ठेवायचा हुकूम आहे. गाडीत औषध आहे, हे मला कुणी सांगितलं?" कोतवाल म्हणाला.

हौदांचा दरोगा म्हणाला, "आजारी घरं कुठली, ते वैद्यबुवा सांगत नाहीत. मी कुठला हौद बंद करू?"

"तुला का सांगू? तू काय माझा धनी आहेस?"

"घ्या!" राहीनं कपाळावर हात मारला. "ह्यांची तोंडं तीन दिशांना, आणि दोष धुणारीला! महाराज, ह्यांची उपरणी मला द्या."

ती कमरेला गुंडाळून तिनं तिघांना एकमेकांशी बांधलं. अशी गाठ, की दातांनीही सुटेना.

"आता चला. एक जाईल तिथं तिघं!"

परीट घरोघरच्या कपड्यांवर बिब्ब्यानं खूण करतात. आळीत पोचताच राहीनं भट्टीत उकळलेली धुणी तिघांच्या पुढ्यात टाकली. "आठ दिवसांत चादरींवर चादरी आल्या त्या ह्याच खुणांच्या. ही तांबटांची, ही साळ्यांची, ही कासारांची..."

"बरोबर! ह्याच घरांत आजारी आहेत," वैद्य म्हणाला.

दरोगा दचकला. "अरे, ही सगळी घरं मोरहौदाचं पाणी भरतात! त्याचा नळ वेशीपासून येतो."

कोतवाल जागचा हलेना. दोघांनी ओढत नेला. वेशीपाशी बघतात तर काय, पहारेकऱ्यांचं नवंकोरं शौचकूप, आणि बरोबर त्याच्याखालून खापरी नळ!

"इथं खणताना मला विचारलं का नाहीस?" दरोगा ओरडला.

"पाणी माझं खातं नाही!"

तिथल्या तिथं हौद बंद झाला, वेस उघडली, गाडी आत आली. सूर्य अजून हातभर वर होता. राजे घोड्यावरून आले. "कोतवालाला सुळावर द्या!"

"थांबा महाराज! तुम्ही जागा विचारली होती." राहीनं कोतवाल आणि दरोगा यांच्या मध्ये हात घातला. "शौचकूप उद्या बुजेल. पण पटकी आत आली ती ह्या दोघांमधल्या वीतभर जागेतून. आणि औषध बाहेर राहिलं, ते कोतवाल आणि वैद्यबुवांमधल्या ह्या दुसऱ्या वीतभर जागेमुळं!"

राजे पोट धरून हसले. "शाबास! काय इनाम पाहिजे?"

"आमच्या आळीला स्वतःचा हौद. आणि शेवटचा आजारी उठेपर्यंत ही गाठ सोडायची नाही."

"अगं बाई, आणि झोपायचं कसं?" कोतवाल केविलवाणा झाला.

"एका सतरंजीवर! वैद्यबुवा मधे."

राजांना हसू आवरेना. त्यांनी अंगावरचा जरीचा शेला काढून तिच्यापुढं धरला. राहीनं सवयीनं कोपरा उलटून खूण शोधली.

"अगं, धुवायला नाही," राजे म्हणाले, "मिरवायला!"