भिंगावरची टोपी

एकदा एक शिष्या कोरा कागद घेऊन आपल्या वृद्ध मास्तरांच्या दारात उभी राहिली. मास्तरांचं सारं आयुष्य चित्रपटगृहात यंत्र चालवण्यात गेलं होतं. पडद्यापेक्षा खुर्च्यांवर काय घडतं, हेच त्यांनी यंत्रघराच्या झरोक्यातून अधिक पाहिलं होतं. म्हातारपणी त्यांनी गावात एक चित्रपट मंडळ काढलं. महिन्यातून एकदा शाळेच्या सभागृहात चाळीसएक माणसं एकत्र बसून चित्रपट पाहत. मंडळाचा एक रिवाज होता. चित्रपट संपल्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. आपलं मत चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं आणि मुकाट घरी जायचं. त्या चिठ्ठ्यांवरून मंडळाचा अभिप्राय लिहायचा आणि पुढच्या रविवारी सर्वांपुढे वाचायचा, हे काम मास्तरांनी या शिष्येकडे सोपवलं होतं.

ती नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, वाचन भरपूर. पण शेजारी पातेलं पडलं तरी हिच्या काळजाचा ठोका चुके. अभिप्राय वाचताना मात्र तिचा आवाज कापत नसे. महिन्यातली तेवढी दहा मिनिटं ती स्वतःलाच आवडे.

"या वेळी दुसऱ्या कुणाला तरी सांगा, मास्तर," ती म्हणाली.

मास्तर जुन्या धोतराच्या चिंधीनं यंत्राचं भिंग पुसत होते. "का गं? चिठ्ठ्या कमी आल्या?"

"जास्तच आल्यात. आणि एकमेकींच्या झिंज्या उपटतायत."

चित्रपट प्राचीन ग्रीक योद्ध्यांचा होता. मूठभर वीर एका दगडी पुलावर शत्रूचं अफाट सैन्य अडवून धरतात, एवढीच कथा. पण दाखवण्याची तऱ्हा निराळी. आभाळ तांब्याच्या रंगाचं, योद्धे कोरीव लेण्यांतल्या मूर्तींसारखे, आणि तलवार उगारली की काळच थबकून उभा राही. ग्रीक सेनापती हिंदीतून गर्जत होता, ते कुणाला खटकलं नव्हतं.

"वाच बघू," मास्तर म्हणाले.

तिनं पहिली चिठ्ठी काढली. चिठ्ठ्यांवर नावं नसत, पण अक्षर सर्वांना ठाऊक असे. ही इतिहासाच्या प्राध्यापकांची. "हे योद्धे चिलखत घालीत. येथे ते उघड्या अंगाने हिंडतात. हा इतिहास नव्हे, साबणाची जाहिरात आहे. मंडळाने यास चांगले म्हटल्यास माझा रामराम समजावा."

दुसरी तालमीच्या वस्तादांची. "पोरांनी अंग झकास कमावलंय. ढाल धरायची रीत चुकली, तरी मजा आली. कुणी नाकं मुरडून याला वाईट ठरवलं, तर पुढच्या खेपेस खुर्च्या मांडायला आमची तालीम येणार नाही."

तिसरी शिवणकाम करणाऱ्या मावशींची. "लाल कापड फार सुरेख. एवढी मारामारी झाली तरी एक झगा उसवला नाही. टीप कुणी घातली असेल?"

मास्तर गालातल्या गालात हसले. "मग यात अडलं कुठे?"

"एक तरी बाजू जाणारच ना? प्राध्यापकांबरोबर पंधराजण उठतील, वस्तादांबरोबर वीस. उरले कोण? तुम्ही, मी आणि मावशी." ती थांबली. मग मान खाली घालून म्हणाली, "आणि कोण बरोबर हे मी कुठल्या तोंडानं सांगू? मी डोळे मिटून बसले होते, मास्तर. पुलावरची लढाई सुरू झाली, तेव्हापासून शेवटपर्यंत. मला बघवेना."

हे सांगताना तिची खात्री होती की काम आता आपल्याकडून गेलं. मास्तरांनी भिंग उजेडात धरून पाहिलं.

"कान उघडे होते?"

"हो."

"मग काय ऐकलंस?"

"तलवारी. ढाली."

"त्या सगळ्यांनीच ऐकल्या. आणखी काय?" उत्तराची वाट न पाहता ते उठले. "रविवारी सकाळी ये. कागद कोराच आण."

रविवारी ती सभागृहात शिरली तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि खुर्च्या पडद्याकडे न मांडता समोरासमोर दोन ओळींत मांडल्या होत्या. प्राध्यापक आणि वस्ताद नेमके एकमेकांसमोर आले होते आणि दोघेही छताकडे पाहत होते. मास्तरांनी यंत्र सुरू केलं, पुलावरच्या लढाईपाशी आणलं, आणि डोक्यावरची पांढरी टोपी काढून शांतपणे भिंगावर अडकवली. पडदा कोरा झाला. फक्त आवाज येऊ लागला.

"यंत्र बिघडलं का?" प्राध्यापकांनी विचारलं.

"नाही. उत्तम चाललंय."

"मास्तर, टोपी काढा की," वस्ताद म्हणाले. "चित्रपटाला आलोय, रेडिओला नाही."

"बसा वस्ताद. दहाच मिनिटं."

ढालींवर भाले आदळू लागले. शिष्येचे डोळे सवयीनं मिटले. मग तिच्या लक्षात आलं, आज भ्यावं असं पडद्यावर काहीच नाही. तिनं हळूच डोळे उघडले. सकाळच्या उन्हात समोर चाळीस चेहरे होते.

लढाई ओसरली. सेनापती पुलावर टेकून बसला आणि शेजारच्या मरणोन्मुख सोबत्याला त्यानं विचारलं, "तुझ्या लेकीचं नाव काय रे? इतकी वर्षं बरोबर लढलो, कधी विचारलंच नाही." तिसऱ्या खुर्चीवरून एक कोरडा खोकला आला. शिष्या चमकली. हा खोकला तिनं त्या दिवशीही ऐकला होता, नेमका याच जागी. प्राध्यापक खोकत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. ते वाक्य एकदाच ऐकून त्यांना तोंडपाठ झालं होतं. पाठोपाठ खुर्ची करकरली. तीही तिच्या ओळखीची. वस्ताद गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसत होते, पण घाम चेहऱ्याला नव्हे, डोळ्यांनाच आला होता. मावशींची बोटं मांडीवरच्या पदराला अदृश्य टाके घालत होती.

प्राध्यापकांनी मान वर केली. वस्तादांनीही. दोघांची नजर एकमेकांवर पडली आणि चोरी पकडली गेल्यासारखे दोघेही खिडकीकडे वळले.

मास्तरांनी यंत्र थांबवलं. "आता अभिप्राय," ते शिष्येला म्हणाले.

ती उठली. हातातला कागद कोरा होता. "मी... त्या दिवशी डोळे मिटले होते," ती म्हणाली. "त्यामुळे चित्रपट कसा होता, ते मला सांगता येणार नाही. तुम्ही कसे होता, तेवढं सांगते." आणि तिनं सांगितलं. कुणाचा श्वास कुठे अडला. शेंगदाणे खाणाऱ्यांनी पुडी कधी मिटली. लेकीचं नाव विचारलं तेव्हा कुणाची खुर्ची करकरली आणि कोण खोकलं. तिनं कुणाचं नाव घेतलं नाही. तरी ज्याचं त्याला कळत गेलं.

शेवटी प्राध्यापक म्हणाले, "ते ठीक आहे. पण चिलखताचं काय? खोटं ते खोटंच."

"खोटंच आहे, सर," मास्तर म्हणाले. "आणि वस्ताद म्हणतात तशी ढालही चुकली आहे. पण तुम्ही तुमच्या वडिलांच्या गोष्टी सांगता ना, आम्ही वीस वर्षं ऐकतोय. दर खेपेस त्यांची उंची दोन बोटं वाढते. आम्ही कधी टेप घेऊन आलो का? ज्याच्यावर माया जडते, त्याला माणूस मोठं करूनच सांगतो. त्याच्या पाठीमागचं आभाळसुद्धा साधं राहत नाही. हा चित्रपट काढणाऱ्यानं तेच केलं. त्याची माया तुम्हा सर्वांपर्यंत पोचली होती. मी यंत्राशेजारी उभं राहून पाहिलं. मग दिवे लागले, हातात चिठ्ठी आली, आणि सरांना आपल्या विद्वत्तेची काळजी पडली, वस्तादांना आपल्या दंडाची. चिलखत त्या योद्ध्यांनी घातलं नव्हतं हे खरं. ते चिठ्ठी लिहिताना तुम्ही घातलंत. या पोरीला तेवढं सुचलं नाही. ती भ्याली आणि उघडीच राहिली, म्हणून तिला सगळं ऐकू आलं."

वस्तादांनी पंचा झटकला. "सर, तुमचे वडील आता नक्की किती फूट झालेत?"

"सहा," प्राध्यापक म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पाच-पाच होते." आणि सर्वांत आधी तेच हसले.

खुर्च्या उचलताना ते शिष्येपाशी आले. "आत्ता बोललात तसंच लिहा. फक्त चिलखताबद्दल एक ओळ राहू द्या. छोटीशी."

"आणि ढालीची," मागून वस्ताद म्हणाले.

"आणि टीप कुणी घातली, तेही कळलं तर बघ गं," मावशी म्हणाल्या.

सभागृह रिकामं झाल्यावर शिष्येनं भिंगावरची टोपी काढली. दिव्याच्या उष्णतेनं ती उबदार झाली होती. तिनं ती मास्तरांच्या हाती दिली आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात मी पुन्हा डोळे मिटले तर?"

"मिट," मास्तर टोपी डोक्यावर नीट बसवत म्हणाले. "फक्त नंतर सांग, मिटले होते म्हणून."

मग ती तिथेच एका खुर्चीवर बसली, कोरा कागद मांडीवर घेतला आणि पहिली ओळ लिहिली: चित्रपट पाहताना आम्ही सारे रडलो, आणि चिलखताविषयी आमच्यात मतभेद आहेत.