लाल पट्ट्यावरचा खराटा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. डोंगराच्या माथ्यावर नुसतं गवत आणि त्याच्या खालच्या उतारावर दाट रान. ऐन, हिरडा, जांभूळ, उंबर. त्या रानाच्या पोटात एक झरा होता. भर उन्हाळ्यातही तो आटत नसे. त्याचं पाणी गावातल्या कुंडात येई आणि माणसं, गुरं, परसातली वांगी-मिरच्या, सगळं त्या कुंडावर जगे.

गावाला भीती एकच होती, वणव्याची. माथ्यावरचं गवत वाळलं की नुसत्या ठिणगीचा अवकाश. म्हणून जुन्या माणसांनी एक रीत घालून दिली होती. पानगळ झाली की घरटी एकाने पाळीपाळीने डोंगरावर जायचं आणि गवत नि रान यांच्या मधला पट्टा खराट्याने झाडायचा, खालची लाल माती दिसेपर्यंत. आग गवत खात खाली उतरे, लाल मातीशी पोचे आणि पुढे खायला काही नाही म्हणून तिथेच मरे. येता येता रानातले चर उपसायचे, म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता तिथेच मुरेल आणि झऱ्याला लागेल.

पण मग कैक वर्षं गावाच्या दृष्टीस वणवा पडलाच नाही. माणसं म्हणू लागली, "आग येत नाही, तर झाडायचं कशाला?" एक घर गळलं. त्याचं बघून दुसरं गळलं. शेवटी एकटा म्हाळू उरला.

म्हाळू म्हातारा, पाठीत वाकलेला. सकाळी खराटा खांद्यावर टाकून निघायचा आणि वेशीपाशी थांबून ओरडायचा, "आज पाळी कुणाची रे?"

ऐकणारे आपापल्या कामाला वळत. काही जण हसत. मग तो एकटाच चढून जाई.

त्याला एक लेक होती, भिवरा. गावातल्या गावातच दिलेली. ती म्हणायची, "बाबा, सगळ्या गावाचा मक्ता तुम्ही एकट्याने घेतलाय का?"

"तू येतेस बरोबर?"

"पुढच्या वर्षी येईन," ती म्हणायची. तिला घरची कामं असत, आणि पुढचं वर्ष कधी संपत नसे.

असाच एका उन्हाळ्यात म्हाळू पट्ट्यावरच गेला. सापडला तेव्हा खराटा मुठीत घट्ट होता. बोटं काही केल्या सुटेनात. लोकांनी खराट्यासकटच त्याला अग्नी दिला.

पुढच्या वर्षी पानं गळली. डोंगरावर कुणी गेलं नाही.

आणि एका टळटळीत दुपारी होला घुमायचा थांबला. वारा पडला. कुत्री ओट्याखाली शिरली आणि बोलावूनही बाहेर येईनात. मग वरून आवाज आला. खर्र. खर्र. खर्र.

वाळल्या पानांवरून कुणीतरी खराटा ओढत होतं.

चार धीट माणसं काठ्या घेऊन वर गेली. पट्टा अर्धा झाडून झाला होता. मातीवर खराट्याचे ताजे फराटे होते, पावलं मात्र कुणाचीच नव्हती. बघता बघता त्यांच्यासमोर पानांचा एक ढीग हळूच सरकला, थांबला, आणि पुन्हा सरकला. माणसं काठ्या टाकून धावत खाली आली.

"भ्यायचं काय त्यात?" गावचे पाटील म्हणाले. "म्हाळू जन्मभर झाडत होता, मेल्यावरही झाडतोय. आपलं काय जातं? नारळ ठेवा, हात जोडा. असा राखणदार कुठल्या गावाला मिळतो?"

लोकांना पटलं. दर वर्षी पट्ट्याच्या तोंडाशी नारळ ठेवायचा आणि मागे न बघता परतायचं, एवढीच रीत उरली. आवाज सुरू झाला की बाया म्हणायच्या, "म्हाळूबाबा कामाला लागले हो," आणि दारं लोटून घ्यायच्या. अंगावर काटा यायचा, पण त्या काट्याचीही सवय झाली.

भिवराला झाली नाही. तो आवाज आला की घास तिच्या हातातच राही. आणि वर्षं गेली तसं तिच्या लक्षात आलं, की फराटा पूर्वीसारखा लांब राहिलेला नाही. मधेच थांबतो, दम घेतल्यासारखा. मेलेल्या माणसालाही दम लागतो का? ज्याची चिता आपण डोळ्यांनी बघितली, त्याला अजून कोण राबवतंय?

एका वर्षी तिला राहवलं नाही. पदर खोचून ती भर दुपारी डोंगर चढली.

रानात पाखरू नव्हतं. आवाज वळणापलीकडून येत होता. ती वळणाशी पोचली की तो पुढच्या वळणाआड गेलेला असे. पट्ट्याच्या वरच्या अंगाला तिला जळक्या गवताचे काळे डाग दिसले. काही जुने, काही अलीकडचे. प्रत्येक डाग लाल मातीच्या काठाशी येऊन थांबला होता. भिवरा बघतच राहिली. आग आली होती. कितीदा तरी आली होती.

"बाबा!" ती ओरडली.

खराटा थांबला.

समोर पट्टा रिकामाच होता. तापलेल्या मातीवर हवा थरथरत होती. त्या थरथरीत कुणी उभं आहेसं वाटे आणि नीट बघावं तर कुणी नसे. मग अगदी तिच्या कानाशी आवाज आला, पानावर पान घासावं तसा कोरडा.

"आज पाळी कुणाची?"

भिवरा मागे सरली. पळावंसं वाटलं. पण पळून जायचं कुठे? खाली गेलं तरी हा आवाज दर वर्षी येणारच होता.

"माझी," ती म्हणाली. "माझीच आहे, बाबा. केव्हाची."

तिने निरगुडीच्या डहाळ्या मोडल्या, वेलाने आवळून बांधल्या आणि झाडायला लागली. एक फराटा तिचा, एक त्या न दिसणाऱ्या हाताचा. दोघं असे बरोबरीने कधीच राबले नव्हते. उन्हं कलली तसा दुसरा आवाज मंद होत गेला. मग एकदा तिने आपला फराटा ओढला आणि वाट बघितली. पलीकडून काही आलं नाही. दूर कुठेतरी होला घुमू लागला.

भिवरा लाल मातीत बसून खूप रडली. मग उठून गावात आली.

"बाबा सुटले," तिने पारावर सांगितलं. "आता आपलं आपल्याला करायला हवं."

पाटील संतापले. "गावाचा राखणदार घालवलास तू! आता तूच झाड."

"झाडतेच आहे. पण पट्टा लांब आहे पाटील, एकटीच्याने पुरा व्हायचा नाही."

"आणि घाई कसली? माझ्या आठवणीत आग आलेली नाही."

"आली होती. पट्ट्याशी मेली, म्हणून तुम्हाला खाली कळली नाही. वर चला, काळे डाग दाखवते. नुसतं बघायला तरी चला."

कुणी हललं नाही. भिवरा आणि तिचा नवरा दोघंच रोज जात राहिले. अर्धा पट्टा झाला, अर्धा राहिला.

तेवढ्यात वणवा आला. पलीकडच्या अंगाने माथा ओलांडून, भर दुपारी आला. झाडलेल्या पट्ट्याशी तो थबकला, मातीवर लोळला आणि विझला. जिथे पानांचा थर तसाच होता, तिथून तो रानात शिरला. सारा गाव ओल्या डहाळ्या घेऊन धावला. माणसांचे हात पोळले, भुवया जळल्या. आग विझली तेव्हा अर्धं रान गेलं होतं. झऱ्यावरचा उंबर उभाच्या उभा कोळसा झाला होता.

पाऊस आला तो उघड्या मातीवर. पाणी धरायला झाडं नव्हती आणि चर तर केव्हाचे बुजलेले. काळा चिखल डोंगरावरून लोटत आला, झऱ्याच्या तोंडावर बसला, कुंडात साचला. लोक तेच पाणी गाळून प्यायले. घराघरांत ताप शिरला. त्या तापात पाटील गेले.

पुन्हा पानं गळली. पुन्हा एका दुपारी पाखरं गप्प झाली.

आवाज जळलेल्या अंगाकडून आला. पण हा म्हाळूचा लयीतला फराटा नव्हता. हा खराटा आडवातिडवा पडत होता, दगडावर आपटत होता. ज्याच्या हाताला कधी घट्टा पडला नाही, अशा माणसाचं ते झाडणं होतं. ऐकणारे एकमेकांकडे बघेनात. कुणाचं ते सगळ्यांना कळलं होतं.

पाटलीणबाई दारात आल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझ्या माणसाने जन्मात खराटा धरला नव्हता," त्या म्हणाल्या. "त्यांना जमायचं नाही ते. भिवरा, मला दाखवशील कसं झाडायचं?"

भिवराने आपला खराटा त्यांच्या हातात दिला. दोघी निघाल्या. मागे एक दार उघडलं, मग दुसरं. कुणी कुणाला बोलावलं नाही. आपापला खराटा घेऊन माणसं चढत राहिली. त्या संध्याकाळी पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाला, आणि त्यानंतर त्या डोंगरावर जिवंत माणसांखेरीज कुणी झाडल्याचं कुणाला ऐकू आलं नाही.

मग गावाने चर उपसले, ओघळींना दगडांचे बांध घातले, झऱ्याचं तोंड मोकळं केलं, जळक्या उतारावर रोपं लावली. पुढे वणवे आले आणि लाल मातीशी येऊन विझले. झराही परत वाहू लागला, पण करंगळीएवढा. बायांना लांबच्या नदीवरून हंडे वाहावे लागले. ज्यांनी ती रोपं लावली, त्यांना झऱ्याचं पाणी पोटभर मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या नातवंडांना.

म्हणून सांगतात: साऱ्यांची राखण एकट्यावर टाकली, की राखणारा जातो आणि राखलेलंही जातं.